कडेवर

फलज अल कबाइलच्या पुढे, सोहारच्या वसाहतीत
नवी शेड उभी राहायची आहे.
सोळा टनांची क्रेन, चोवीस मीटरचा गाळा,
आणि सी-सात नावाचा खांब
माझ्या टेबलावर अजून नुसती उभी रेघ.

छपराचं वजन सरळ खाली येतं,
त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.
पण सात मीटरवर खांबाच्या अंगातून ब्रॅकेट निघतो,
ब्रॅकेटवर रूळ, रुळावर क्रेन,
आणि ते सगळं ओझं खांबाच्या मध्यापासून
पंचावन्न सेंटीमीटर बाहेर.
बाहेर, आणि तिथंही एका जागी थांबत नाही.

"हा मूल कडेवर घेऊन उभा आहे," मी सजीवनला सांगते.
तो ड्रॉइंग काढतो, त्याला मराठी येत नाही.
मग मी उठते, कंबर बाहेर काढून दाखवते.
"ओक्कत्त," तो म्हणतो. त्याच्याकडेही शब्द आहे.

अडीचशे किलोन्यूटन गुणिले पंचावन्न सेंटीमीटर:
एकशे साडेसदतीस.
क्रेन या टोकाला आली तर एवढं,
त्या टोकाला गेली तर चौथा हिस्सा,
आणि क्रेन नसेल, नुसता वाळूचा वारा असेल,
तर पायाचे बोल्ट वर ओढले जातात,
तेही मोजायचं.

जुन्या शेडमध्ये गुलजमीन क्रेन चालवतो,
बारा वर्षं, दीरहून आलेला.
शिडीखाली चहा पिताना म्हणाला,
"मॅडम, तुम्ही वजन मोजता. मी ब्रेक मोजतो.
मी थांबतो तेव्हा पाइप थांबत नाही.
तो अजून थोडा जातो, परत येतो,
मग त्याला पटतं."
आडव्या धक्क्याचे दहा टक्के मी लिहिलेच होते.
पटायला किती वेळ लागतो, त्याला रकाना नव्हता.

दाबाचा वाटा, वाकण्याचा वाटा,
दोन्हींची बेरीज एकाच्या आत हवी.
शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.
खलफान साहेबांनी सही केली, पोलाद महाग आहे म्हणाले,
तुम्ही काटेकोर आहात म्हणाले.

संध्याकाळी ब्लाउज टाकायला गेले.
मोतालिब शिंप्याने टेप लावली, काढली, पुन्हा लावली.
"आपा, डावा खांदा अर्धा इंच खाली आहे."
बेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मिरजेत आई रात्रपाळीला हॉस्पिटलात,
मी नऊ वर्षांची, हेरंब दीड,
रॉकेलच्या दुकानापर्यंत तो डाव्या कडेवर,
उजव्या हातात डबा.
फुगेवाला दिसला की तो अख्खा त्या बाजूला झेपावायचा
आणि मी तेवढीच उलट्या बाजूला,
गणित कुणी शिकवलं नव्हतं.
कितीदा गेले असेन? वर्षभर, आठवड्यातून चारदा, सहादा.
पडलो एकदाच.
तेव्हा तो झेपावत नव्हता.
खांद्यावर मान टाकून गाढ झोपला होता
आणि डबा रिकामा होता.

"दोन्ही बाजू सारख्या कापू?" मोतालिबने विचारलं.
"नाही. आहे तशा."
त्याने खडूने कापडावर
एक रेघ वर मारली, एक जरा खाली.

सकाळी फाइल परत उघडली.
दिवसाला दोनशे फेऱ्या, पंचवीस वर्षं,
मी यंत्रावर बोट दाबत गेले
आणि आकडा चौदा लाखांच्या पुढे जाऊन थांबला.
एक माप मोठा सेक्शन घेतला.
शून्य पूर्णांक एक्क्याऐंशी.
खलफान साहेबांना टनांची बेरीज आवडली नाही.
गुलजमीनला मात्र विचारल्याशिवायच कळलं,
म्हणाला, हा हलणार नाही, हा ऐकून घेईल.

सजीवनने रेघ पुसून जाड केली.
"बदलाचं कारण काय लिहू?"
"ओक्कत्त."
त्याने मल्याळममध्ये ते खरंच लिहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
खोडलं,
आणि त्या चौकटीत लिहिलं: फटीग.